संशोधन सांगते, पण कोणते?

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी वाशीच्या एक बाई आपल्या सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात आल्या. सासऱ्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. काही वर्षांपूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला आणि तेव्हापासून हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झालेली. पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते, दोन वाक्ये सलग बोलताना धाप लागत होती आणि आडवे झाले की जीव घाबरतो म्हणून तीन रात्री ते खुर्चीतच झोपत होते. त्यांना तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागले.

चिठ्ठी लिहिता लिहिता मी नेहमीचे प्रश्न विचारत होतो. गोळ्या वेळेवर घेतात का? घेतात. मीठ, लोणचे, पापड? जवळजवळ बंद. आणि पाणी?

"पाणी मी मोजून देते, डॉक्टर. रोज आठ ग्लास. बाबा नको नको म्हणतात, पण मी पूर्ण करायला लावते. तुमचाच लेख आहे ना, फ्रिजवर लावलाय."

लेख माझाच होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी याच सदरात मी उकाड्याविषयी लिहिले होते आणि त्यात एक वाक्य होते : प्रौढ माणसाने दिवसाला किमान आठ ग्लास पाणी प्यावे, असे संशोधन सांगते. हृदयरोगतज्ज्ञांनी या गृहस्थांना चहा, आमटी, ताक सगळे धरून दिवसाला दीड लिटरची मर्यादा घालून दिली होती. पण ती डिस्चार्ज कार्डावर इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलेली आणि कार्ड कपाटातल्या फाइलमध्ये. माझे वाक्य मात्र मराठीत, ठळक, फ्रिजच्या दारावर.

पाण्यामुळेच सारे घडले असे मी म्हणणार नाही. अशक्त हृदयाला बिघडायला अनेक निमित्ते लागतात. पण एक निमित्त मी पुरवले होते. चार दिवसांनी सासरे घरी परतले, आता बरे आहेत. नंतर त्या बाईंचा फोन आला. प्रकृतीचे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "राग मानू नका डॉक्टर, पण ते आठ ग्लासांचं संशोधन कोणाचं आहे? म्हणजे मला वाचायचंय."

मला उत्तर देता आले नाही. वाचकहो, आजचा लेख हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

वैद्यकीय नियतकालिकातला लेख आपण कधी पाहिला असेल तर एक गोष्ट लक्षात आली असेल. दर दोन-तीन वाक्यांनंतर ओळीच्या किंचित वर एक बारीक आकडा असतो आणि लेखाच्या शेवटी त्या आकड्यांची यादी. शिकत असताना आम्हांला ही यादी म्हणजे लग्नपत्रिकेतल्या प्रेषकांच्या नावांसारखी वाटे, मानापुरती छापलेली. प्रत्यक्षात तो पत्ता असतो. 'हे मी म्हणत नाही, अमुक जण म्हणतो, आणि तो अमुक ठिकाणी राहतो. जाऊन विचारा' असे लेखक त्यातून सांगत असतो.

उदाहरण जवळचेच घेऊ. नवी मुंबईचा पनवेलकडचा भाग ज्या रायगड जिल्ह्यात येतो, त्याच जिल्ह्यात महाड आहे. तेथील डॉ. हिंमतराव बावसकर आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशावर केलेले काम जगभर उद्धृत केले जाते. त्यातल्या एका लेखाचा संदर्भ मराठीत उतरवला तर असा दिसतो : बावसकर एच एस, बावसकर पी एच. विंचूदंशाच्या हृदय व रक्तवाहिन्यांवरील परिणामांच्या उपचारात प्राझोसिन. लॅन्सेट. १९८६; १: ५१०-११.

एवढीशी ओळ, पण तिच्यात बरेच काही दडलेले आहे. आधी लेखकांचे आडनाव, मग आद्याक्षरे. मग लेखाचे शीर्षक, मग नियतकालिकाचे नाव. 'लॅन्सेट' हे लंडनहून १८२३ पासून निघणारे साप्ताहिक. मग वर्ष, अर्धविराम, त्या वर्षाचा पहिला खंड, अपूर्णविराम आणि पाने. पानांकडे पाहा : ५१० ते ५११. म्हणजे हा शेकडो रुग्णांवरचा विस्तृत अहवाल नव्हे, तर दोन पानांत मावलेले टिपण आहे, हे लेख न उघडताच कळते. वर्ष पाहा : तेव्हा इंटरनेट नव्हते. कोकणातल्या तालुक्याच्या गावी रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलेली ती दोन पाने दुसऱ्या खंडातला वाचकसुद्धा ग्रंथालयात जाऊन नेमकी उघडू शकत होता, ती या एका ओळीच्या आधारावर.

विरामचिन्हांची ही काटेकोर मांडणी कोठून आली, तेही थोडक्यात सांगतो. पूर्वी प्रत्येक नियतकालिकाची पद्धत वेगळी असे. एकाने लेख नाकारला की दुसऱ्याकडे पाठवण्यापूर्वी संदर्भांची सारी यादी पुन्हा टंकलिखित करावी लागे. १९७८ च्या जानेवारीत कॅनडातील व्हँकूव्हर येथे काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जमले आणि त्यांनी सर्वांसाठी एकच नमुना ठरवला. १९७९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. म्हणून या शैलीला व्हँकूव्हर शैली म्हणतात. मजकुरात ज्या क्रमाने संदर्भ येतात त्याच क्रमाने त्यांना आकडे द्यायचे, हा तिचा मुख्य नियम. मानसशास्त्रात आणि परिचर्येच्या बऱ्याच लेखनात आकड्याऐवजी कंसात लेखकाचे नाव आणि वर्ष देतात. कोणती पद्धत चांगली यावर प्राध्यापक मंडळी तासन्‌तास वाद घालू शकतात. आपल्याला त्यात पडण्याचे कारण नाही. पत्ता पूर्ण असला की झाले.

हल्ली या ओळीच्या शेवटी 'डीओआय' नावाचा आणखी एक क्रमांक असतो. तो आधार क्रमांकासारखा समजावा. माणसाने घर बदलले तरी त्याचा आधार क्रमांक बदलत नाही, तसेच नियतकालिकाचे संकेतस्थळ बदलले तरी लेखाचा डीओआय तोच राहतो.

आता माझ्या आठ ग्लासांकडे वळू. फोन ठेवल्यावर मी माझी जुनी टिपणे काढली. ते वाक्य मी एका इंग्रजी आरोग्य-पुरवणीतून घेतले होते. तिथे संदर्भ नव्हता. तसेच वाक्य असलेली दोन पुस्तके कपाटात सापडली, त्यांतही नव्हता. तज्ज्ञांचे म्हणणे आहे, अभ्यासातून दिसून आले आहे, डॉक्टर सांगतात... सगळीकडे निनावी माणसे बोलत होती. आणि मी त्या रांगेत शेवटी उभा राहून तेच पुढच्याच्या कानात सांगितले होते.

हा शोध माझ्याआधी एका जाणकाराने घेतला आहे, हे मला तेव्हा कळले. हाइन्ट्झ व्हाल्टिन हे अमेरिकेतील डार्टमथ येथील मूत्रपिंडाच्या कार्याचे अभ्यासक. त्यांनी २००२ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'त आठ ग्लासांचे मूळ शोधणारा लेख लिहिला. निरोगी प्रौढाने रोज आठ ग्लास पाणी प्यायलेच पाहिजे, या सल्ल्याला आधार देणारा अभ्यास त्यांना सापडला नाही. या समजुतीचे मूळ बहुधा १९४५ सालच्या एका अमेरिकी आहारविषयक शिफारशीत असावे, असे मानले जाते. त्या शिफारशीत प्रौढाची पाण्याची गरज दिवसाला सुमारे अडीच लिटर धरली होती. पण तिथेच पुढे असेही म्हटले होते की, यातले बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळते. पुढचे वाक्य वाटेत गळाले आणि अडीच लिटर तेवढे राहिले.

आपल्या स्वयंपाकघरात पाहिले तर ते गळालेले वाक्य किती महत्त्वाचे आहे ते कळेल. भात शिजताना पाणी पितो. वरण, आमटी, कढी, ताक, दोन वेळचा चहा, कलिंगडाच्या फोडी, काकडीची कोशिंबीर हे सारे पाण्याच्या हिशेबात येते. त्या बाई हे सगळे देऊन वर आठ ग्लास देत होत्या.

व्हाल्टिन यांचा लेख वाचून मला उत्साह आला आणि 'आठ ग्लास ही निव्वळ अंधश्रद्धा आहे' असे शीर्षक मी मनात तयारही केले. मग लेख पुन्हा वाचला. त्यांचे विवेचन समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या, फारसे अंगमेहनतीचे काम नसलेल्या निरोगी प्रौढांपुरते आहे. उष्ण हवा, कष्टाचे काम, मूतखडे यांना त्यांनी स्वतःच वेगळे काढले आहे. मे महिन्यात उलव्याच्या बांधकामावर वाळू उचलणाऱ्या मजुराला हा लेख दाखवून 'पाणी कमी चालेल' असे मी सांगितले असते, तर पहिल्या चुकीवर दुसरी चूक रचली असती, आणि तीही संदर्भासकट!

संदर्भ आहे, तो खराही आहे, पण ज्यासाठी दिला आहे ते त्यात नाही, असा हा प्रकार अधिक धोक्याचा. त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेतले आहे. जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचे अवघ्या पाच वाक्यांचे पत्र छापून आले. बॉस्टनमधील एका औषध-निरीक्षण प्रकल्पाच्या नोंदी त्यांनी चाळल्या होत्या. रुग्णालयात दाखल असताना अफूच्या वर्गातले वेदनाशामक निदान एकदा मिळालेले ११,८८२ रुग्ण त्यांत होते. पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी केवळ चौघांत व्यसनाची नोंद आढळली. पत्राचे म्हणणे एवढेच. हे रुग्ण रुग्णालयात होते. घरी जाऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांचे काय होते, याविषयी त्या पत्राला काही माहीत नव्हते.

पण ओळीवर एक बारीक आकडा चढला आणि पत्राचे 'संशोधन' झाले. २०१७ मध्ये कॅनडातील अभ्यासकांनी हे पत्र ज्या ज्या लेखांत उद्धृत झाले होते ते ६०८ लेख तपासले. त्यांतील ४३९ लेखांनी, म्हणजे ७२ टक्क्यांहून अधिक लेखांनी, ही औषधे घेणाऱ्यांत व्यसन क्वचितच जडते याचा पुरावा म्हणून ते दिले होते. ४९१ लेखांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलेच नव्हते. अमेरिकेत या औषधांच्या व्यसनाने पुढे लाखोंचे बळी घेतले. त्याला औषध कंपन्यांचा प्रचार आणि इतर अनेक कारणे होती, पण डॉक्टरांचा हात सैल करणाऱ्या गोष्टींत या पाच वाक्यांचा वाटा आहे. जाता जाता सांगतो : कर्करोगाच्या तीव्र वेदनांसाठी आपल्या घरातील कोणाला मॉर्फिन लिहून दिले असेल, तर हे वाचून ते बंद करू नका. देखरेखीखाली ते योग्य औषध आहे.

मला येथे महाडचे टिपण पुन्हा आठवते. तेही छोटे होते, फक्त दोन पानांचे. लाल विंचवाच्या विषाने शरीरात संप्रेरकांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर असह्य भार येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. ओकाऱ्या, दरदरून घाम आणि गार पडणारे हातपाय ही त्याची आधी दिसणारी लक्षणे डॉ. बावसकरांनी १९८२ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये नोंदवली होती. प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून येथे उपयोगी पडते. १९८६ चे टिपण त्याविषयीचे. पण ते तेथेच थांबले नाहीत. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बावसकर दांपत्याचा आणखी एक लेख आला. त्यात ७० रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला नुसते प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचूविरोधी लस. दोन्ही एकत्र मिळालेले रुग्ण लवकर बरे झाले. ज्या औषधाने नाव मिळवून दिले, ते एकटे पुरेसे नाही, हे त्यांनी स्वतःच तपासून स्वतःच्याच नावाने छापले.

बॉस्टनचे पत्र सहाशे ठिकाणी उतरवले गेले, पण तो दावा घरी औषध घेणाऱ्यांवर तपासून पाहायला हवा, हे फार थोड्यांना सुचले. संदर्भ न वाचताच उतरवून घेण्याची ही खोड जुनी आहे. परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेतील चूकही तशीच उतरली की पर्यवेक्षकाला कॉपी कळते, त्याच न्यायाने दोन अमेरिकी संशोधकांनी २००३ मध्ये भौतिकशास्त्रातील संदर्भ तपासले होते. पानांच्या आकड्यांतील ठरावीक चुका लेखामागून लेखात तशाच उतरल्या होत्या. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की, संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम एक पंचमांश लोक मूळ लेख वाचत असावेत.

आणि आता तर अस्तित्वातच नसलेले संदर्भ मिळू लागले आहेत. माझी पुतणी वैद्यकीय शिक्षण घेते आहे. तिने एका छोट्या प्रकल्पासाठी चॅटबॉटकडून संदर्भ मागवले आणि यादी मला दाखवली. मांडणी अशी निर्दोष की मी तिला शाबासकी देणार होतो. नियतकालिके खरी, वर्षे पटणारी, अर्धविराम जिथल्या तिथे. आम्ही एकेक उघडून पाहिले, तेव्हा त्यांतले काही लेख कधी लिहिलेच गेले नव्हते. दिलेल्या पानावर दुसराच कोणता तरी लेख होता. "काका, खोटं इतकं नीटनेटकं असतं?" तिने विचारले. मी तिला उत्तर दिले नाही. मी तर खोटे संदर्भही दिले नव्हते. मी काहीच दिले नव्हते.

चौथा प्रकार मागे घेतलेल्या लेखांचा. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा लेख १९९८ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला, तो अवघ्या १२ मुलांविषयीचा होता. २०१० मध्ये 'लॅन्सेट'नेच तो मागे घेतला. तरी आजही तरुण आईबाप मोबाइलवर मला तोच संदर्भ दाखवतात : लेखक, वर्ष, पाने सगळे बरोबर. पत्ता बरोबर आहे, पण ती इमारत कधीच धोकादायक ठरवून रिकामी केलेली आहे.

हे ताडून पाहणे आज कोणालाही शक्य आहे. मी विद्यार्थी असताना महाविद्यालयाच्या ग्रंथालयात 'इंडेक्स मेडिकस'चे जाडजूड खंड असत. एकेक विषय शोधायला दुपार जाई आणि सापडलेला अंक आपल्याकडे नाही असे ग्रंथपाल शांतपणे सांगत. १९९७ पासून 'पबमेड' ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची सूची सर्वांना विनामूल्य खुली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दाव्याखाली संदर्भ असेल, तर त्यातील शीर्षक तिथे टाइप करावे. लेख आहे की नाही ते लगेच कळते, आणि मागे घेतला असेल तर तशी ठळक सूचना वरच असते. बहुतेकांचा सारांश वाचता येतो. इंग्रजी अवघड वाटले, तर घरातल्या कॉलेजच्या मुलाला शेजारी बसवावे आणि तीनच गोष्टी पाहाव्यात : अभ्यास माणसांवर होता की उंदरांवर, किती जणांवर होता, आणि ती माणसे आपल्यासारखी होती का. पुढे डॉक्टरांकडे येताना तो कागद सोबत आणावा. मला तरी त्याचा राग येणार नाही. आता तर मुळीच नाही.

संपादकांशी बोलून यापुढे या सदरातील महत्त्वाच्या विधानांचे मूळ लेखातच सांगायचे, असे ठरवले आहे. 'संशोधन सांगते' हे दोन शब्द पुन्हा दिसले, तर आपण पत्र लिहून मला पकडावे.

आणि दोन उन्हाळ्यांपूर्वीच्या त्या लेखातील वाक्य ज्यांनी जपून ठेवले असेल, त्यांनी ते खोडून त्या जागी असे लिहावे : निरोगी माणसाने तहान लागेल तेव्हा पाणी प्यावे, उन्हात किंवा कष्टाच्या कामात तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पीत राहावे, आणि लघवीचा रंग फिकट राहील एवढे पाहावे. वृद्धांना तहान कमी जाणवते, त्यांना आठवण करावी. मूतखड्याचा त्रास झालेल्यांना अधिक पाणी लागते. मात्र हृदय अशक्त असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आपल्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलेच प्रमाण पाळावे. ते माहीत नसेल, तर याच आठवड्यात विचारून घ्यावे आणि मराठीत लिहून फ्रिजवर लावावे. वाशीच्या घरी ते लावले आहे. माझा जुना लेख त्या बाईंनी काढून टाकलेला नाही. त्या वाक्याशेजारी लाल शाईने त्यांनी लिहिले आहे : बाबांसाठी नाही. दीड लिटर, चहा धरून.